पुस्तकावरून संगणकाची भाषा शिकताना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)
— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड., जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळींची भाषणे होतात. यंदा चिटणीससाहेबांनी मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रांजळपणे म्हणालो की, माझ्यापाशी सांगण्यासारखे ज्ञान नाही. मात्र तीन वर्षांपूर्वी मी पुन्हा विद्यार्थी झालो आणि पुष्कळदा नापास झालो, तेवढे मी सांगू शकेन. ते म्हणाले, "मग तेच सांगा." म्हणून आज मी माझ्या नापास होण्याची हकीकत सांगणार आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग सोडून पुढे आले की आपले जळकोट लागते. याच परिसरातील एका शाळेत मी नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मुख्याध्यापकांनी एके दिवशी माझ्या हाती संगणक-खोलीची किल्ली ठेवली. आमच्याकडे संगणकाचा स्वतंत्र शिक्षक नव्हता. खोलीत सहा संगणक होते. त्यांपैकी दोन चालू होत आणि उरलेल्यांवर कापड घातलेले होते. मुलांनी हात लावला तर बिघडतील, या भीतीने खोलीला बहुतेक वेळ कुलूप असे. "तुम्ही तरुण आहात, बघा काही जमते का," असे मुख्याध्यापक म्हणाले.

माझे संगणकाचे ज्ञान एम.एस.-सी.आय.टी.पुरते होते. २००१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो लोकांचा हात की-बोर्डवर बसवला, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु दुसऱ्याने तयार केलेला प्रोग्राम वापरणे वेगळे आणि आपण स्वतः प्रोग्राम लिहिणे वेगळे. एस.टी.त बसून तुळजापूरला जाणारा प्रवासी आणि ती चालवणारा ड्रायव्हर यांच्यात जेवढा फरक, तेवढाच येथे आहे. मुलांना मी फक्त प्रवासी करणार होतो काय, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी पुस्तकाच्या शोधाला लागलो.

सोलापुरात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक मिळाले. पाठीमागचे पुठ्ठे निघालेले, कुणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने खुणा केलेले. कानेटकर हे आपल्या नागपूरचे. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून अभियांत्रिकीची पदवी आणि कानपूरच्या आय.आय.टी.तून एम.टेक. केल्यानंतर त्यांनी नवशिक्यांसाठी हे पुस्तक लिहिले. दिल्लीच्या बी.पी.बी. प्रकाशनाने ते काढले आणि आजवर त्याच्या पंधराहून अधिक आवृत्त्या निघाल्या. हिंदुस्थानातील अभियांत्रिकीच्या मुलांच्या कितीतरी पिढ्या या पुस्तकावर वाढल्या.

ज्या भाषेचे हे पुस्तक आहे ती 'सी' ही भाषा काही आजची नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास घडवली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे त्या भाषेवरील मूळ पुस्तक १९७८ मध्ये निघाले. म्हणजे ही भाषा वयाने माझ्याहून मोठी आहे. मग इतकी जुनी भाषा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या खिशातील बहुतेक मोबाइल ज्या अँड्रॉइडवर चालतात, त्याच्या तळाशी लिनक्स आहे आणि लिनक्सचा गाभा मुख्यतः 'सी' भाषेत लिहिलेला आहे. आज शाळाशाळांतून शिकवली जाणारी पायथन ही भाषा ज्या प्रोग्रामवर चालते, तो मूळ प्रोग्रामही 'सी'मध्येच आहे. मजले नवे चढले, पण पाया जुनाच आहे.

प्रारंभी मला भीती वाटली ती इंग्रजीची. मी आणि माझ्यासारखे पुष्कळ लोक घरात दखनी बोलतो, शाळेत मराठी शिकवतो, पुस्तक इंग्रजीत आणि यंत्राची भाषा चौथीच! परंतु पहिल्या प्रकरणातच मला धीर आला. लेखकाने तेथे असे समजावले आहे की, आपण एखादी भाषा शिकतो तेव्हा आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये आणि शेवटी परिच्छेद शिकतो. 'सी'चेही तसेच आहे. अक्षरे आणि अंक यांपासून शब्द, शब्दांपासून सूचना आणि सूचनांपासून प्रोग्राम. हे वाचून मी मनाशी म्हणालो, बाराखडी तर मी रोज शिकवतो! हे काम माझेच आहे.

आणि नवी भाषा शिकण्याचे आपल्या मुलखाला नवल ते काय? आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान, कायदा आणि वैद्यक हे विषय उर्दूतून शिकवले जात. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून ग्रंथ उर्दूत आणले गेले. मराठी घरांतील मुलेही त्या काळी उर्दूतून शिकून वकील आणि अंमलदार झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी दुसऱ्या लिपीतून ज्ञान मिळवले, त्यांच्या नातवंडांनी चारदोन डझन इंग्रजी शब्दांना घाबरावे हे काही बरे नव्हे. 'सी' भाषेचे राखीव शब्द मुळात फक्त ३२ आहेत.

दुसरेही एक नाते येथे सांगितले पाहिजे. एखादे काम पायरीपायरीने पार पाडण्याच्या रीतीला इंग्रजीत 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. बीजगणितावर त्याने जो ग्रंथ लिहिला तो वारसाहक्काची वाटणी, व्यापार आणि जमिनीची मोजणी अशा रोजच्या गरजांसाठी; म्हणजे एका अर्थी सामान्य माणसाच्या उपयोगाचेच ते पुस्तक होते. त्याने भारतीय अंकपद्धतीवरही लिहिले आणि त्या लेखनाच्या लॅटिन भाषांतरांतून आपले अंक युरोपात पोहोचले. ज्ञान असे हातोहात फिरत आले आहे. ते कुणा एकाच्या मालकीचे नाही आणि परकेही नाही.

आता माझ्या अभ्यासाकडे वळतो. शाळा सुटल्यावर तासभर मी त्या खोलीत बसे. चालू असलेल्या दोन संगणकांपैकी एकावर पूर्वी कोणीतरी 'टर्बो सी' घालून ठेवला होता. बोरलँड कंपनीचा हा कंपायलर १९८७ मध्ये निघाला. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. रात्री घरी संगणक नसे, तेव्हा वही आणि मोबाइल. मोबाइलवरही आता 'सी'चा कंपायलर फुकट मिळतो.

पहिल्याच दिवशी आठ ओळींचा प्रोग्राम पुस्तकात पाहून उतरवला. चालला नाही. सातव्या ओळीत चूक आहे, असे पडद्यावर आले. सातवी ओळ मी दहा वेळा वाचली. पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी कळले की चूक सहाव्या ओळीत होती. तिच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता! ओळ संपली हे यंत्राला कळलेच नाही. ते तसेच सातव्या ओळीत शिरले आणि तेथे अडखळले. मराठीच्या पेपरात विरामचिन्हांसाठी अर्धा गुण कापणारा मी, एका अर्धविरामापायी दीड दिवस अडून बसलो होतो.

मित्रहो, चूक जेथे दिसते तेथेच ती असते असे नाही. बहुधा ती आधीच्या ओळीत असते. हे वाक्य मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. त्याचा खरा अर्थ मात्र मला पुढे कळला.

दोन महिने मी असा धडपडत होतो. पुस्तकातील उदाहरणे जमू लागली, तसा आत्मविश्वास आला आणि मी स्वतःचा पहिला प्रोग्राम लिहायला घेतला. शिक्षकाला दुसरे काय सुचणार? वर्गाचा निकाल! सहा विषयांचे एकूण गुण ६००. मुलाला मिळालेले गुण द्यायचे आणि यंत्राने टक्के काढायचे. सूत्र आपण सगळे जाणतो: मिळालेले गुण भागिले एकूण गुण, गुणिले १००. तसेच मी लिहिले. पहिल्या मुलाचे गुण दिले, ४१२. उत्तर आले, शून्य टक्के.

वाटले, आकडा चुकला असेल. दुसऱ्याचे दिले, तिसऱ्याचे दिले. शून्य, शून्य. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचे ५५१ दिले. तिलाही शून्य! तेव्हा मी गमतीने ६०० पैकी ६०० देऊन पाहिले. यंत्राने निमूटपणे १०० टक्के दाखवले. ५९९ दिले, पुन्हा शून्य.

कारण पुस्तकातच दिले होते. मी ते वाचूनही लक्षात घेतले नव्हते. 'सी' भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर भागाकारही पूर्णांकच येतो, अपूर्णांकाचा भाग टाकून दिला जातो. ४१२ भागिले ६०० म्हणजे शून्य पूर्णांक आणि काही दशांश. ते दशांश यंत्राने टाकले, उरले शून्य, आणि शून्याला १०० ने गुणले तरी शून्यच. म्हणून ज्याने सगळे गुण मिळवले तोच शंभर, आणि एक गुण कमी पडला तो थेट शून्य.

मग मी युक्ती केली. आधी १०० ने गुणायचे आणि मग ६०० ने भागायचे. रात्री मोबाइलवर करून पाहिले, उत्तर ६८ आले. दशांश नाहीत, पण ठीक. दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्राम मोठ्या ऐटीने शाळेतील संगणकावर चालवला, तर उत्तर आले वजा ४०! तोच प्रोग्राम, तेच गुण. मोबाइलवर मुलगा ६८ टक्क्यांनी पास आणि शाळेत वजा ४० टक्के. ऋण टक्केवारी मिळवणारा विद्यार्थी मी तरी तोवर पाहिला नव्हता.

याचेही उत्तर त्या जुन्या पुस्तकातच होते. 'टर्बो सी'मध्ये पूर्णांक ठेवायला दोन बाइटांचीच जागा असते आणि तीत वजा ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचेच आकडे मावतात. ४१२ गुणिले १०० म्हणजे ४१,२०० झाले, ते मावेनात. मोटारीचा किलोमीटरचा काटा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तसा आकडा उलटून वजा २४,३३६ झाला, आणि त्याला ६०० ने भागून वजा ४०. मोबाइलवरील कंपायलर पूर्णांकाला चार बाइट देतो. तेथे २१४ कोटींहून मोठा आकडा मावतो, म्हणून तेथे काही बिघडले नाही. अखेर १०० च्या जागी '१००.०' लिहिले, म्हणजे हा हिशोब दशांशात कर, असे यंत्राला सांगितले. तेव्हा दोन्हीकडे ६८.६७ आले. एका टिंबाची आणि एका शून्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

ही गंमत म्हणून मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. सर्वजण हसले. परंतु रात्री मला झोप येईना. पूर्ण मिळाले तर शंभर, नाही तर शून्य, हा हिशोब मी आधीही कुठेतरी केला आहे, असे सारखे वाटत राहिले.

आणि मग आठवले. काही वर्षांपूर्वी गणिताची जागा रिकामी होती, म्हणून वर्षभर आठवीचे गणित माझ्याकडे होते. एक मुलगा होता. त्याचे नाव येथे घेणे योग्य नाही. घटक चाचणीत अपूर्णांकांच्या बेरजेची पाच उदाहरणे होती. पाचही चुकली. मी लाल पेनने पाच फुल्या मारल्या, खाली मोठे शून्य काढले आणि वर्गात ते वाचून दाखवले. मुले हसली. पुढे तो नववीत फार दिवस आलाच नाही. घरची परिस्थिती हे कारण सर्वांनी मानले, मीही मानले.

जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या कपाटात तळाशी पडून होता. दुसऱ्या दिवशी तो काढला आणि त्याची उत्तरपत्रिका शोधली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन याचे उत्तर त्याने दोन छेद पाच असे लिहिले होते. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. पाचही उदाहरणांत नेमके हेच. पाचही ठिकाणी साध्या बेरजा बिनचूक, अक्षर स्वच्छ, एकही उदाहरण सोडलेले नाही. मित्रहो, त्या मुलाच्या पाच चुका नव्हत्या. एकच चूक होती, ती पाच वेळा झाली होती. आणि ती आठवीतली नव्हती. छेद म्हणजे काय हे पाचवी-सहावीत कधीतरी कळायचे राहून गेले होते. चूक सातव्या ओळीत दिसत होती, पण ती आधीच्या ओळीत होती. यंत्राने मला निदान ओळीचा क्रमांक तरी दिला होता. मी त्या मुलाला शून्याशिवाय काहीच दिले नाही.

एका ओळीची दुरुस्ती होती. दहा मिनिटांचे काम होते. भाकरी घेऊन दोन तुकडे आणि तीन तुकडे करून दाखवले असते तरी पुरे होते.

तो मुलगा आता महामार्गावर एका गॅरेजमध्ये मोटारसायकली दुरुस्त करतो. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो एका गाडीपाशी बसला होता. गिऱ्हाइकाला विचारत होता, "एकदम बंद पडली का हळूहळू? थंड असताना सुरू होते का?" आधी प्लग काढून पाहिला, मग पेट्रोलची नळी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सुरू करून पाहायचे, नाही झाली तर पुढची. पुस्तकात चूक शोधण्याची जी रीत मी दोन महिने घोकत होतो, ती या मुलाच्या हातात होती. यालाच मी शून्य दिले होते.

मी त्याला म्हणालो, "त्या चाचणीत माझे चुकले होते." तो संकोचला. "सर, जाने दो ना, कितने साल हो गए," म्हणाला आणि चहा मागवला. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे मी त्याला सांगितले आहे. गणिताला मी बसेन तुझ्यासोबत, असेही सांगितले. त्याने अजून होकार दिलेला नाही. मालकाला विचारून सांगतो म्हणाला. मी अधूनमधून जाऊन विचारतो.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे उत्तरपत्रिका तपासताना फुली मारून थांबायचे सोडले. चूक कोणत्या पायरीवर झाली त्या पायरीखाली रेघ ओढतो. वेळ लागतो, हे खरे आहे. पण दहा मुलांच्या चाळीस चुका पुष्कळदा तीन-चार जातींच्याच निघतात आणि त्या एका तासात फळ्यावर घेता येतात.

दुसरे म्हणजे, दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी संगणक-खोली उघडतो. दोन संगणक आणि अठरा मुले! म्हणून निम्मे काम वहीत चालते. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, प्रत्येक चलासाठी एक रकाना आखायचा आणि ओळीमागून ओळ जात, कोणत्या ओळीनंतर कोणत्या रकान्यात काय उरले ते पेन्सिलीने भरायचे. आपण स्वतःच यंत्र व्हायचे. याला विजेची गरज नाही, त्यामुळे भारनियमनाचीही अडचण नाही. उत्तर कागदावर आले की मगच संगणकापाशी जायचे.

उदाहरणे शक्यतो आपल्या गावची घेतो. 'इफ' म्हणजे 'जर-तर' समजावताना मी मुलांना नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहालाची आठवण देतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या त्या धरणात पाणी चढून सांडव्यापर्यंत आले, तरच नर आणि मादी हे दोन धबधबे वाहतात. नाही आले तर कोरडे. पातळी पुरेशी आहे काय? असेल तर वाहा, नसेल तर थांबा. सहलीला जाऊन आलेल्या मुलांना 'जर-तर' पुन्हा समजावावे लागत नाही.

पुस्तकातील पहिला प्रोग्राम सरळव्याजाचा आहे. मुद्दल, मुदत आणि दर यांचा गुणाकार भागिले १००. नववीतील एका मुलीने तोच साचा घेऊन घरच्यासाठी जकातीचा हिशोब केला. शेकडा अडीच. आधी वहीत केले, १०,००० रुपयांवर २५०. संगणकावर मात्र २०० आले. मी काही बोललो नाही. तिने रकाने पुन्हा भरले, एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि दहा मिनिटांनी उठून म्हणाली, "सर, दर मी पूर्णांक म्हणून लिहिला. अडीचचे दोनच राहिले. गरिबाचे पन्नास रुपये गेले." मी तिला बक्षीस दिले नाही, पण घरी येऊन हे वाक्य वहीत लिहून ठेवले. जी चूक शोधायला मला पदवीनंतर इतकी वर्षे लागली, ती तिने चौदाव्या वर्षी शोधली. कारण तिला शून्याची भीती घालायला मध्ये कोणी उभे नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तकावरून शिकू पाहणाऱ्यांना माझ्या अनुभवाचे चार बोल सांगतो. पुस्तक नुसते वाचू नका. वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि वही मिटली की काही उरत नाही. प्रत्येक उदाहरण स्वतःच्या बोटांनी लिहा, आणि ते चालले की त्यातला एखादा आकडा बदलून आता काय होईल याचा अंदाज आधी कागदावर मांडा. चुकांची एक वेगळी वही ठेवा. माझ्या वहीत आज १३७ चुका आहेत आणि नव्या चुकेचे उत्तर बहुधा जुन्या पानावर सापडते. जुने पुस्तक असेल तर त्यातील काही प्रोग्राम आजच्या कंपायलरवर जसेच्या तसे चालणार नाहीत, म्हणून पुस्तक टाकू नका. का चालत नाहीत हे शोधताना दुप्पट शिकणे होते. आणि एक सोबती जोडा. एकट्याला पंधरा दिवस न दिसलेली चूक दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवताना आपली आपल्यालाच दिसते.

हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. आता यंत्रे स्वतःच प्रोग्राम लिहून देतात, मग हे शिकायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु वर्गाला शून्य टक्के देणारा माझा प्रोग्राम यंत्राच्या दृष्टीने निर्दोष होता. त्याने एकही चूक दाखवली नव्हती. हे उत्तर चूक आहे, असे म्हणणारा माणूस तेथे होता, म्हणून ते सापडले. लिहून कोणीही देवो, तपासणारा जाणता पाहिजे. उद्या आपल्या मुलांचे प्रवेश, कर्ज, शिष्यवृत्ती यांचे हिशोब यंत्रे करणार, किंबहुना आजच करीत आहेत. त्यात कोणाचे अडीचचे दोन होत असतील, तर ते ओळखणारे कोणीतरी आपल्या वस्तीत असले पाहिजे.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. यात पैशाचा मोठा प्रश्न नाही. आपल्या प्रत्येक शाळेतील संगणक-खोली शाळा सुटल्यावर एक तास उघडी ठेवावी. त्यात आठवड्यातून दोन दिवस फक्त मुलींसाठी असावेत, म्हणजे पालकही निश्चिंतपणे पाठवतील. वाचनालयात प्रोग्रामिंगच्या प्राथमिक पुस्तकांच्या पाच-पाच प्रती ठेवाव्यात आणि त्या कपाटात न ठेवता टेबलावर ठेवाव्यात. मुलांच्या हाताने एखादा संगणक बिघडला, तर ती हानी आहे, हे मी नाकारत नाही. पण कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक हा आधीच बिघडलेला आहे, हेही ध्यानात घ्यावे.

आणि माझ्या शिक्षकबंधू-भगिनींना एवढेच म्हणेन. वर्षातून एकदा तरी असे काहीतरी शिकायला घ्या, जे तुम्हाला येत नाही. संगणकच असे नाही. विणकाम घ्या, पोहणे घ्या, नवी लिपी घ्या. चार वेळा चुका, गोंधळा, चिडा. आणि मग दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन शेवटच्या बाकाकडे पाहा. तेथे बसलेला मुलगा तुम्हाला वेगळा दिसेल.

 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.